ख्रिस्ती धर्म सोडून काहीजण विक्काकडे का वळतात? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सोलापुरातल्या लोकांचे आहेत: कॉलेजातल्या पोरापोरींचे, त्यांच्या आयांचे, काही पाळकांचे. भाषा थोडी सावरली आहे, रोख तसाच ठेवला आहे. एकाच गोष्टीवर पुन्हा पुन्हा विचारलं गेलं तिथे उत्तर एकदाच दिलं आहे आणि इतर ठिकाणी नुसता प्रश्नाचा क्रमांक. कुणाला विक्काकडे ओढायचं किंवा चर्चमध्ये परत आणायचं, असा हेतू यात नाही.

१. विक्का म्हणजे धर्म की जादू?

धर्म. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आलेला आणि निसर्गालाच पवित्र मानणारा. बहुतेक विक्कन एक देवी आणि एक देव मानतात. देवीची रूपं तीन, कुमारी, माता आणि म्हातारी, आणि ती चंद्राच्या कलांशी जोडलेली. देव शिंगांचा, रानातला. वर्षाला आठ सण, शिवाय पौर्णिमेची पूजा. जादूही आहे, पण मेणबत्ती, झाडपाला आणि मंत्र यांच्या आधाराने इच्छा एकवटणं, असा तिचा अर्थ बरेचजण लावतात. सगळ्यांना बांधणारा धर्मग्रंथ नाही, पोप नाही, मुख्यालय नाही.

नीतीचं सूत्र एका ओळीचं: कुणाला इजा होत नसेल तर मनाला येईल ते कर. केलेलं बरंवाईट तिपटीने परत येतं, असंही अनेकजण मानतात.

२. नेटवर वाचलं की हा येशूच्या आधीपासूनचा धर्म आहे. खरं का?

नाही. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) हा मलायात कस्टम्समध्ये नोकरी करून निवृत्त झालेला इंग्रज. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या गुप्त गटाने १९३९ मध्ये आपल्याला दीक्षा दिली, असा त्याचा दावा होता. ब्रिटनने १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द केला आणि १९५४ मध्ये गार्डनरने पुस्तक काढून हा धर्म जगापुढे मांडला. विधींचे पाठ पुढे डोरीन व्हॅलिएंटे या बाईंनी बरेचसे नव्याने लिहिले, आणि चांगले लिहिले.

युरोपात चेटकीण ठरवून मारलेली माणसं एका प्राचीन गुप्त धर्माची अनुयायी होती, हा मार्गारेट मरे या इंग्रज संशोधिकेचा १९२१ चा सिद्धांत गार्डनरने उचलला. इतिहासकारांनी तो केव्हाच मोडीत काढला आहे. 'नव्वद लाख बायका जाळल्या' हा आकडाही तसाच फुगवलेला. इतिहासकारांचा अंदाज साधारण ४० ते ६० हजारांचा आहे, आणि त्यात पुरुषही होते.

जाणते विक्कन हे सगळं मान्य करतात. आणि नवं म्हणून खोटं असंही नाही. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरची १९०६ ची पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या ख्रिस्ती पंथाची) लाट तरी कुठे फार जुनी आहे?

३. पण शिंगांचा देव म्हणजे सैतानच ना?

नाही. सैतान बायबलच्या जगातला. विक्कामध्ये तो मुळातच नाही, त्यामुळे त्याची पूजा व्हायचा प्रश्न येत नाही. शिंगं दिसली की सैतान म्हणायचं ठरवलं तर बैलपोळ्याचं काय करायचं? विक्कन गळ्यात घालतात ती पाच टोकांची चांदणीही अशीच बदनाम झाली. अमेरिकेच्या सरकारने २००७ मध्ये मृत सैनिकांच्या थडग्यांवर कोरायच्या चिन्हांत तिला जागा दिली आहे.

४. आमच्याकडे करणी, भानामती, मूठ मारणं असतं. हा त्याचाच इंग्रजी अवतार का?

करणीचा कारभार बघा. 'मी करणी करतो' असं कुणी छाती ठोकून सांगत नाही. तो नेहमी दुसऱ्यावर केलेला आरोप असतो आणि तो बहुतेकदा एखाद्या एकट्या, गरीब बाईवर जाऊन पडतो. विक्कन हे नाव माणूस स्वतःच स्वतःला लावतो, आणि दुसऱ्याचं वाईट करणं त्याच्या सूत्रात बसत नाही.

साम्य एवढंच की शब्दांनी आणि वस्तूंनी घटना वळवता येतात, असं दोन्हीकडे मानतात. हिरवी मेणबत्ती लावल्याने नोकरी लागते, याला पुरावा नाही. उपास-प्रार्थनेने लागते, यालाही नाही. कायद्याचं प्रश्न १३ मध्ये.

५. मूळ प्रश्न: माणसं ख्रिस्ती धर्म सोडून इकडे जातात तरी का?

एकच कारण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. सोडायची कारणं वेगळी असतात आणि इकडे यायची वेगळी.

सोडायची कारणं बहुधा लहानपणीच रुजतात. रविवारी संडेस्कूलमध्ये शिकलेली मुलगी सोमवारी शाळेत जाते. शेजारी बसणारी पद्मशाली, मागच्या बाकावरची लिंगायत, खिडकीपाशी बसणारी मुसलमान. डबा सगळ्यांचा एकत्र, शेंगाचटणी एकीच्या घरची आणि कडक भाकरी दुसरीच्या. आणि डोक्यात प्रश्न: या सगळ्या नरकात जाणार? ती घरी विचारते, पाळकांना विचारते. 'तुझा विश्वास कमी पडतोय, प्रार्थना कर' हे उत्तर एकदा चालतं. दहाव्या वेळी ती विचारणंच बंद करते. घरच्यांना वाटतं, पोरगी शहाणी झाली.

दुसरी गाठ बाईपणाची. पाप जगात आलं ते हव्वेच्या हातून. बायकांनी मंडळीत गप्प बसावं, ही पौलाच्या पत्रातली ओळ. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आज बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळते, रोमन कॅथलिक चर्चमध्ये मिळत नाही. पण पद मिळालं तरी देवाला हाक मारायची ती बापा म्हणूनच. गार्डनरच्या परंपरेत गटाची प्रमुख बाई असते आणि विधीच्या मध्यभागी देवी असते. समलिंगी आकर्षण असलेल्या मुलामुलींची गोष्ट याहून सरळ आहे: जिथे आपल्या असण्यालाच पाप म्हणतात, तिथून ते निघतात.

हे झालं सोडणं. विक्काच का, याचं मला पटणारं कारण फारसं कुणी बोलत नाही: हातांना काम मिळतं. सोलापुरातल्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांवर अमेरिकन मराठी मिशनचा संस्कार आहे. साधी इमारत, बाकडी, गीतं, वाचन आणि लांबलचक उपदेश. मन रमणाऱ्याचं रमतं; पण बाकड्यावर बसून फक्त ऐकायचं असतं. विक्कामध्ये गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी थोडी जागा झाडून घ्यायची. पूर्वेला उदबत्ती वाऱ्यासाठी, दक्षिणेला पणती अग्नीसाठी, पश्चिमेला पाण्याचा तांब्या, उत्तरेला वाटीत खडेमीठ पृथ्वीसाठी. बोटाने किंवा काळ्या मुठीच्या सुरीने हवेत वर्तुळ आखायचं आणि आत उभं राहायचं. पुजारीही आपणच. ज्याला कधी वेदीजवळ जायला मिळालं नाही, त्याला हे केवढं वाटत असेल!

अमेरिकन पत्रकार मार्गो ॲडलर स्वतः विक्कन होत्या. १९७९ साली त्यांनी अशा लोकांविषयी लिहिलं, त्यात हे येतं: माणसं 'धर्म बदलला' म्हणत नाहीत, घरी आल्यासारखं वाटलं म्हणतात.

६. खरं सांगा, मंत्र-तंत्र आणि टॅरोच्या (भविष्य बघायच्या पत्त्यांच्या) नादानेच जातात ना?

पुष्कळजण त्या दारानेच येतात. रील, टॅरोचे पत्ते, रंगीत खडे. सहा महिन्यांत त्यातले बरेच कंटाळतात. राहतात ते प्रश्न ५ मधले.

७. म्हणजे सोडून जाणारा प्रत्येकजण चर्चमध्ये दुखावलेलाच असतो का?

नाही. काहींची चर्चबद्दल तक्रार नसते, नुसती ओढ आटते. आणि उलटंही खरं: दुखावलेला प्रत्येकजण सोडत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या अँग्लिकन मंडळींशी मताच्या स्वातंत्र्यावरून वाद घातला. ख्रिस्त सोडला नाही. रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्यांसाठी. मिशनशी भांडून ख्रिस्ताजवळ राहायची वाट मराठीत शंभर वर्षांपूर्वीच पडलेली आहे. आजच्या मुलांना ती कुणी दाखवत नाही, ही माझी तक्रार.

शिवाय आकडे बघा. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला विक्कन म्हणवणारे सुमारे १३ हजार, आणि 'कुठलाच धर्म नाही' म्हणणारे दोन कोटींच्या वर. चर्च सोडणारा बहुतेक वेळा कुठेच जात नाही.

८. देवीच हवी होती तर तुळजापूर ४५ किलोमीटरवर आहे. इंग्लंडची देवी कशाला?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, बहुतेकदा टोमणा म्हणून. पण प्रश्न खरा आहे. रूपाभवानी शहरातच आहे. कोजागिरीला तुळजापूरचा रस्ता पायी चालणाऱ्यांनी भरून जातो. आईच्या नावाने जोगवा मागणारा हा मुलूख. मग?

मला जे दिसतं ते सांगतो. मराठी ख्रिस्ती घराण्यांपैकी कितीतरी घरांची मुळं महार-मांग समाजात आहेत. पणजोबा मिशनकडे गेले ते नुसत्या येशूच्या गोष्टी ऐकून नव्हे. गावकुसाबाहेरचं जिणं संपवायचं होतं. देऊळ म्हणजे त्यांच्या लेखी बाहेरूनच हात जोडायची जागा. पोतराज होऊन अंगावर आसूड ओढायचा, मरीआईचा गाडा हाकायचा, हा वाटा मात्र त्यांचा. पणतीने यातलं काही पाहिलेलं नसतं, पण घरात ते बोललं जातं. तिने भवानीची ओटी भरली तर आजी म्हणणार, 'एवढं सोसून बाहेर पडलो, आणि तू परत तिथंच?' शेजारी म्हणणार, 'आली ताळ्यावर.' आणि घरवापसीवाले हार घेऊन फोटो काढायला हजर. एका नारळाला एवढं सगळं चिकटलेलं.

इंग्लंडच्या देवीला यातलं काही चिकटलेलं नाही. तिच्यापुढे आडनाव विचारत नाहीत. ती लांबची आहे, आणि लांबची आहे म्हणूनच सोयीची.

या सोयीची किंमतही आहे. आपल्या मातीतली देवी तेवढी डागाळलेली आणि साहेबाची निर्मळ, असं होऊन बसतं. काहीजणी मधली वाट काढतात: विधी विक्कन, देवी भवानी किंवा काली. काली पाश्चात्त्य विक्कनांनीही उचलली आहे आणि त्यावर 'आमची देवी संदर्भ तोडून वापरता' अशी टीका हिंदूंकडून होते. ती टीका मला रास्त वाटते.

९. ते आठ सण सोलापुरात कसे पाळायचे? इथे वसंत कुठे, बर्फ कुठे?

जसेच्या तसे पाळले तर हसू येईल. १ मे ला बेल्टेन, फुलांचा आणि बहराचा सण. तेव्हा सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. १ ऑगस्टला लूनासा, पहिल्या कापणीचा. आपल्याकडे तेव्हा खरिपाची पिकं अजून उभी, आणि इथलं खरं पीक म्हणजे रब्बीची ज्वारी, ती निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. डिसेंबरातला यूल हा अंधार सरून सूर्य परतायचा सण. लंडनला त्या दिवशी उजेड आठ तासांपेक्षा कमी, म्हणून सूर्य परतल्याचं अप्रूप. सोलापूरला उजेड अकरा तास. इथे सूर्य परत यावा अशी प्रार्थना कोण करेल? तो जरा आत बसला तर बरं.

ऑस्ट्रेलियातले अनेक विक्कन तारखा सहा महिन्यांनी पुढे ढकलतात. मग सोलापूरकराने इथल्या ऋतूंप्रमाणे का बदलू नयेत? वर्षचक्र काही दगडावर कोरलेलं नाही. सप्टेंबरातल्या सणाचं मेबन हे नाव तर १९७० च्या दशकात अमेरिकेत ठेवलेलं. कापणीचा सण हुरड्यानंतर धरता येतो. मार्गशीर्ष अमावास्येची येळवस बघा: शेतात कडब्याची खोप, भज्जी, आंबील, आणि जेवायच्या आधी रानाला दिलेला घास. जमिनीशी नातं सांगणारा विधी शोधायला न्यू फॉरेस्टपर्यंत जायची गरज नाही. ३१ ऑक्टोबरचा साविन हा पूर्वजांचा सण. कॅथलिक घरातून आलेल्यांना तो ओळखीचा वाटतो, कारण २ नोव्हेंबरला ते थडगी धुऊन मेणबत्त्या लावत आलेले असतात.

१०. बायबल काय म्हणतं? एकाच वेळी ख्रिस्ती आणि विक्कन राहता येतं का?

बायबल कडक आहे. निर्गम २२ मध्ये चेटकिणीला जिवंत ठेवू नये असं आहे, अनुवाद १८ मध्ये शकुन, मंत्रतंत्र, मेलेल्यांना विचारणं, सगळ्याला मनाई. चर्चच्या बाजूने उत्तर 'नाही' असंच आहे. स्वतःला ख्रिस्ती विक्कन म्हणवणारे काहीजण परदेशात आहेत. मरियेला देवीच्या जागी ठेवतात. चर्चला ते मान्य नाही आणि बऱ्याच विक्कनांनाही नाही.

११. भारतात असं कुणी आहे का? सोलापुरात गट आहे का?

कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी १९८० च्या दशकात स्वतःला जाहीरपणे विक्कन म्हणवून घेतलं. बाकी बहुतेकजण एकेकटे आणि गुपचूप. एकट्याने करायची पद्धत १९८८ च्या सुमारास अमेरिकेतून पुस्तकांनी रुजवली, त्यामुळे गट लागतोच असं नाही. सोलापुरात कुणाची नावं-पत्ते देणार नाही, विचारू नका.

१२. ऑनलाइन 'महापुजारीण' दीक्षेचे अकरा हजार मागते. द्यावेत का?

देऊ नका. गार्डनरच्या जुन्या परंपरेत दीक्षेसाठी पैसे घेत नाहीत. दुसरं, मुलींनी नीट वाचा: काही जुन्या गटांत विधी विवस्त्र करतात, हे खरं आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचा आधार घेऊन कुणी व्हिडिओ कॉलवर कपडे काढायला सांगत असेल, तर तो धर्म नव्हे, गुन्हा आहे. स्क्रीनशॉट ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा.

१३. हे कायद्याने गुन्हा आहे का? जादूटोणा कायदा लागतो का?

श्रद्धा ठेवणं गुन्हा नाही. घटनेचं कलम २५ सगळ्यांना आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झालेला कायदा विशिष्ट कृत्यांना लागतो: चमत्काराच्या नावाने फसवून पैसे उकळणं, भूत उतरवायला मारहाण, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देणं, वगैरे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. स्वतःच्या गच्चीवर पणती लावणारा त्यात येत नाही. 'तुमच्या नवऱ्याला मंत्राने परत आणतो' म्हणून पैसे घेणारा येऊ शकतो.

आणि एक गंमत: अमकी बाई करणी करते, तिच्यामुळे रोगराई आली, असं जाहीर करून तिला त्रास देणं हेही त्याच कायद्याखाली येतं. म्हणजे विक्कन मुलीला गल्लीत चेटकीण ठरवून छळणारा आधी अडकेल.

१४. मुलीच्या कपाटात टॅरो, चांदणी आणि मिठाची वाटी सापडली. काय करू?

फेकून देऊ नका. पाळकसाहेबांना लगेच बोलावून तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही करवून घेऊ नका. ती दार कायमचं लावून घेईल. 'हे काय गं?' म्हणून विचारा आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसा. पैसे कुणाला पाठवते का, अनोळखी माणसाशी बोलते का, एवढं मात्र नक्की बघा (प्रश्न १२). झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, स्वतःला इजा करत असेल, तर धर्माचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरकडे न्या.

१५. नवऱ्याने ख्रिस्ती धर्म सोडला. लग्न मोडलं का?

आपोआप मोडत नाही. पण ख्रिस्ती लग्नांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात, २००१ च्या दुरुस्तीनंतर, जोडीदाराने दुसरा धर्म स्वीकारून ख्रिस्ती असणं सोडलं तर ते घटस्फोटाचं कारण धरता येतं. विक्का हा 'दुसरा धर्म' ठरतो का, यावर वकील भांडतील. अमेरिकेत एका अपील न्यायालयाने १९८६ मध्ये तो धर्म मानला, पण तो निकाल इथे बंधनकारक नाही. नुसतं चर्चला जाणं बंद केलं तर हे कलम लागत नाही.

उलट बाजूने: विक्कन पद्धतीने हाताला दोरा बांधून केलेल्या लग्नाला इथे कायद्याची मान्यता नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली, तीस दिवसांची नोटीस देऊन नोंदणी करा. धर्मांतराचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत, त्यामुळे कागदावर काही करण्याआधी वकिलाला भेटा.

१६. ख्रिस्ती धर्म सोडला की अनुसूचित जातीचा दाखला परत मिळतो का?

विक्काकडे गेल्याने नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच. विक्का त्यात बसत नाही.

१७. नंतर परत यावंसं वाटलं तर? पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो का?

कॅथलिक आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या मंडळ्यांत बाप्तिस्मा एकदाच. परतणाऱ्याला तो पुन्हा देत नाहीत. पाळक किंवा फादर बोलतील, पश्चात्ताप-कबुली होईल. काही पेंटेकॉस्टल मंडळ्या लहानपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत, तिथे पाण्यात उतरावं लागेल.

१८. मी विक्कन, घरचे ख्रिस्ती. उद्या मेलो तर चर्चच्या दफनभूमीत जागा मिळेल का?

दफनभूमी ज्या मंडळीची किंवा ट्रस्टची, नियम त्यांचा. सभासदत्व सोडलं असेल तर अडचण येऊ शकते. घरच्यांची आधीची कबर तिथे असेल तर तडजोड निघू शकते. विक्कामध्ये पुरायचं की जाळायचं याचा काही नियम नाही, त्यामुळे तुमच्या बाजूने अट कमी आहे. काय हवं ते लिहून ठेवा आणि आईला किंवा भावाला तोंडी सांगा. मृत्युपत्र पेटीतून निघेपर्यंत अंत्यविधी उरकलेला असतो.